वर्गात गवत कुठून आलं?

परवा एका प्रकाशनाकडून फॉर्म आला. नाव, पत्ता, पॅन, बँकेचा तपशील, आणि सातव्या रकान्यात : ‘आपली वैयक्तिक चित्रशैली ३० शब्दांत स्पष्ट करा.’ मानधन किती ते कुठेही नव्हतं.

वीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आहे. ‘गुरुवारपर्यंत होतील का?’ यापलीकडे मला कुणी काही विचारलेलं नाही. तरी बसले. ‘माझी रेषा निरागस, लोभस आणि मनमिळाऊ आहे,’ असं लिहिलं आणि वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवल्यासारखं वाटायला लागलं. खोडलं. ‘मातीचा गंध जपणारी रंगसंगती’ हे अगरबत्तीच्या पुड्यावर शोभलं असतं. तेही खोडलं. म्हटलं, शैलीचं रात्री बघू, आधी सोबत जोडायच्या बारा चित्रांचे प्रिंट काढून आणू.

झेरॉक्सच्या दुकानात माझ्याआधी एक काका होते. सोसायटीचं कन्व्हेयन्स डीड, चार प्रती, पाठपोट. कागद अडकला म्हणून दुकानदाराने दुसऱ्या मशीनवर माझं काम लावलं, आणि काकांना वाचायला काही उरलं नाही. त्यांनी ट्रेमधून माझं पहिलं चित्र उचललं.

“मुलांसाठी का?”

“हो.”

“वाटलंच.” चष्मा कपाळावर गेला. “डोळे राहिलेत हो यांचे.”

“ते डोळेच आहेत, काका. टिंबं.”

“टिंबं दिसतायत मला. डोळे कुठायत?”

आता गप्प बसायला हवं होतं. पण सकाळपासून शैली-शैली करून डोकं फिरलेलं. मी सांगितलं, की डिक ब्रूना नावाचे एक डच चित्रकार होते, त्यांनी १९५५ साली एक ससा काढला, डोळ्यांना दोन टिंबं आणि तोंडाला एक फुली, आणि तेवढ्यावर तो जगभर गेला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ससा होता ना?”

“हो.”

“मग! सशाचं चालतं. ही माणसांची मुलं आहेत.” आणि मग ते आलंच. “आमच्या वेळी चांदोबा होता. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, विक्रमाच्या दंडावरची शीर न् शीर दिसायची.”

यावर मी काय बोलणार? विक्रम-वेताळाची ती चित्रं शंकर काढायचे. २०२० मध्ये गेले. ते प्रेत बघून मीही लहानपणी रात्री आईच्या कुशीत शिरले आहे, आणि सकाळी उठून पुन्हा तेच पान उघडलं आहे. त्यांच्याकडे कुणी ३० शब्द मागितले असतील का? विक्रमाने तलवारच काढली असती.

तोवर बाराही प्रिंट आले होते. काकांनी ते काउंटरच्या काचेवर पत्त्यांसारखे मांडले आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आवडली.

“यातल्या एकालाही पाय नाहीत.”

“गवत आहे ना पुढे.”

“इथे गवत. इथेही गवत. हे नदीत उभे. ही चादरीत. आणि हे मास्तर वर्गात आहेत ना? वर्गात गवत कुठून आलं?”

“ती... कुंडी आहे.”

“आणि सगळ्यांचे हात मागे का? पोलिसांनी धरलंय?”

“दोघांचे खिशात पण आहेत, काका,” दुकानदार म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता खरं सांगते. मला हातापायांचे पंजे काढता येत नाहीत. शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्मरणचित्रात भाजीबाजार आला होता. स्थिरचित्रातला तांब्या मी डोळे मिटून काढला असता, पण बाजारात माणसं हवीत, आणि माणसांना पाय असतात. मी प्रत्येकापुढे एक टोपली ठेवली. वांगी, कोथिंबीर, मुळे. मुळ्यांची पानं फार उपयोगी पडली. ‘बी’ ग्रेड मिळाली. तेव्हापासून गवत, पाणी, चादर, कुंडी यांवर माझं घर चाललं आहे. मध्यंतरी एका पुस्तकात माझं निळं आकाश छपाईत जांभळं झालं. स्क्रीनवरची निळाई शाईत अशी हटकून दगा देते. मी प्रेसवाल्याशी भांडून आले, आणि नंतर एक आई म्हणाली, “तुमचं ते जांभळं आकाश किती स्वप्नाळू असतं!” मी म्हटलं, हो, ती माझी शैलीच आहे. पुढच्या पुस्तकात मुद्दाम जांभळं दिलं. ते छापून करडं आलं.

पण पायांचं कुणालाही कळलं नव्हतं, याचं मला खरं वाईट वाटतं. संपादकांना नाही, परीक्षणं लिहिणाऱ्यांना तर नाहीच. गोष्टीवर चार परिच्छेद, आणि शेवटी आमच्यासाठी ‘चित्रे समर्पक’. दोन शब्द. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठळक. आमचं आत, मुद्रकाच्या पत्त्याखाली, मुंगीच्या अक्षरात. एकदा तर तिथेही चुकीचं छापलं होतं. ज्या पुस्तकात निम्म्याहून जास्त जागा चित्रांची, ज्याचं गिऱ्हाईक अजून वाचायलाच शिकलेलं नाही, त्यात ही तऱ्हा. आणि आता हेच लोक शैली स्पष्ट करा म्हणतात. आधी बघा तरी, मग विचारा!

वीस वर्षांत माझी चित्रं नीट पाहणारा पहिला माणूस कन्व्हेयन्स डीडच्या झेरॉक्ससाठी थांबला होता.

“एकशेवीस झाले, मॅडम. बारा कलर.”

“अरे, हे कलर कसं?” काका माझ्या वतीने भांडायला उभे राहिले. “अर्धं पान कोरंच आहे. ब्लॅक अँड व्हाइटचा दर लाव ताईंना!”

काकांनी भांडून वीस रुपये कमी केले. एका प्रिंटवर शाईचा पट्टा आला होता. मास्तरांचंच चित्र. तो मी कचऱ्यात टाकणार, तर काकांनी हातातून घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

“नातीला देतो,” ते म्हणाले. “दुसरीत आहे. पाय ती काढेल.”