‘मीठ, गरम पाणी आणि ट्रक’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, गोठलेल्या मिल लॅक्स सरोवरावर बर्फात अडकून बसलेली मासेमारीची खोपी पहार आणि जॅक वापरून साडेचार तासांत कशी सोडवली, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. गरम पाणी आणि मीठ वापरले असते तर काम अर्ध्या तासात उरकले असते, हा पहिला. पावणेदोन फूट जाडीच्या बर्फावर ट्रक सहज उभा राहतो, तेव्हा साखळी लावून खोपी सरळ ओढून काढायची होती, हा दुसरा. आणि वारा अडवण्यासाठी भिंतींना हिम थापायला सांगणाऱ्यानेच खोपी अडकल्याचे गाऱ्हाणे मांडावे हे हास्यास्पद आहे, हा तिसरा. तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. त्याचेच उत्तर आधी देतो, कारण उरलेल्या दोहोंचे मूळही तिथेच आहे.

बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो असल्यामुळे ५० सेंटिमीटर जाडीचा थर पाण्याच्या वर जेमतेम चार सेंटिमीटर राहतो, आणि चौरस मीटरला साधारण ४० किलो भार पडला की तेवढाही राहत नाही. वाऱ्याने दाबून बसलेले वीतभर हिम एवढे वजन सहज भरते. मी तर गुडघाभर थापले होते. बर्फ दबला, गळ टाकण्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी वर आले, थापलेल्या हिमात मुरून त्याचा लगदा झाला आणि रात्रीतून तो दगडासारखा घट्ट झाला. त्यातच आतल्या शेगडीच्या उबेने लाकडी स्किडखालचा (खोपी ज्यांवर उभी असते आणि घसरत ओढली जाते त्या आडव्या तुळयांखालचा) बर्फ पाझरून पुन्हा गोठला होता. खोपी बसवतानाच स्किडखाली लाकडी ठोकळे दिले असते, तर यातले निम्मे टळले असते. तो सल्ला मी लेखात दिला नव्हता, ही माझी चूक.

आता गरम पाणी. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजे ८० अंश तापलेल्या दहा लिटरच्या बादलीने फार तर दहा किलो बर्फ वितळेल, आणि उणे वीसच्या थंडीत ते वीस लिटर पाणी स्किडच्या फटींत शिरून काही वेळातच गोठेल. आधीच पाण्याने केलेल्या चिकटवणुकीला आपण आणखी पाणी पाजतो आहोत. मिठाचे खारे पाणीदेखील उणे २१ अंशांच्या खाली द्रवरूप राहत नाही, आणि तिथवर येण्याच्या पुष्कळ आधीच त्याचा प्रभाव मंदावतो. शिवाय ते मीठ तळ्यातच राहते. चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचे दूषित करते, असे मिनेसोटाची प्रदूषण नियंत्रण संस्था सांगते. आपण तर अख्खी गोणी सुचवली आहे.

ट्रकबद्दल आपले म्हणणे अर्धे खरे आहे. स्वच्छ, निळसर बर्फ एवढा जाड असेल तर ट्रक उभा राहतो. पण लगदा गोठून झालेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा धरावा, असा इथल्या नैसर्गिक संसाधन विभागाचा इशारा आहे, आणि माझ्या खोपीभोवती नेमका तोच होता. शिवाय चारही बाजूंनी धरलेली खोपी हिसक्याने ओढली, तर आधी हुक सुटतो. शेजारच्या एका गृहस्थांचा हुक फळीच्या तुकड्यासह निघून आला आणि साखळी सपकन मागे येऊन ट्रकच्या फळक्यावर आदळली. खोपी तसूभरही हलली नाही.

म्हणून पहार. भोवतीचे हिम हातभर दूर सारले आणि स्किडपासून चार बोटे अंतर ठेवून उथळ चर खणला. तो फार खोल नेला असता, तर खालून पाणी येऊन चर भरला असता आणि काम मुळापासून सुरू करावे लागले असते. चेनसॉ मी याच भीतीने वापरला नाही. त्याच्या साखळीचे तेल तळ्यात सांडते ते वेगळेच. मग रुंद फळीवर जॅक ठेवून एका कोपऱ्याला हळूहळू ताण दिला. तीन-चार मिनिटे काहीच घडले नाही. नंतर सुकी फांदी मोडावी तसा कट्ट आवाज आला आणि कोपरा बोटभर उचलला गेला. तिथे ठोकळा सरकवून पुढच्या कोपऱ्याकडे वळलो. चौथा कोपरा सुटला तेव्हा ओढायला स्नोमोबाइल, म्हणजे हिमावर चालणारी छोटी गाडी, पुरेशी झाली.

साडेचार तास फार झाले, हे कबूल. मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत या सरोवरावरून खोप्या हटवाव्याच लागतात आणि माझ्या हातात दोन दिवस होते, म्हणून तेवढा वेळ देता आला. मुदत संपायला तासभर उरला असता, तरी मी गोणी फोडली नसती. ओळखीच्या चार जणांना पहारी घेऊन बोलावले असते. हिम थापण्याचा परिच्छेद मूळ लेखातून आज काढून टाकला आहे आणि ठोकळ्यांची सूचना तिथे घातली आहे.