साहेब, माणसं अशी ओळखावीत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्यात, नुकतेच मॅनेजर झाला असाल, तर आधी अभिनंदन. आता हाताखालची माणसं समजून घ्यायची, तर पहिला नियम : माणसांत जाऊ नका. केबिनच्या काचेतून दिसतात तेवढी पुरेत. उरलेली एक्सेलमध्ये आहेतच.

एखादं नवं पोरगं शिफ्टला चार मोल्ड, म्हणजे वाळूचे साचे, जास्त काढायला लागलं, की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांचं टार्गेट चारनं वाढवा. आठवड्याभरात पोरगं मुकाट जुन्या आकड्यावर येईल. जेवणाच्या सुट्टीत वाळूच्या ढिगापाशी त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, "भावा, जरा दमानं घे. तू उद्या दुसरीकडं जाशील, आम्हाला हितंच ऱ्हायचंय." तुम्ही मात्र 'पोरगा आळशी निघाला' एवढंच शेऱ्यात लिहा.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या १४ जणांच्या खोलीत संशोधकानं ठाण मांडलं होतं. दिवसाचं काम किती, हे तिथं कंपनीपेक्षा गड्यांनीच ठरवलेलं. जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. फार कमी करणाराही नकोसा, आणि साहेबाकडं चुगली नेणारा तर नकोच नको. दिवस मंदीचे, जास्त काढलं तर रेट कापतील, माणसं कमी करतील, ही धास्ती. पण ती अमेरिका झाली. आपल्याकडं गुद्दे घालत नाहीत, डबा खायला शेजारी बसत नाहीत. भागतं तेवढ्यावर.

टीमवर्कसाठी वर्षातून एकदा रस्सीखेच ठेवा, फोटो छान येतात. फ्रान्सच्या रिंगेलमान नावाच्या शेतकी इंजिनिअरनं १९१३ साली माणसांनी एकत्र जोर लावण्याचे आकडे छापले होते, त्यात दोर ओढणंही होतं : आठ जण एकत्र लागले, की माणशी जोर एकट्याच्या निम्म्यावर येतो. थोडा ताळमेळ नसतो म्हणून, थोडं 'बाकीचे ओढतायत की' म्हणून. तेव्हा 'क्वालिटी ही सगळ्यांची जबाबदारी' असा मोठा बोर्ड लावा आणि खाली कुणाचंही नाव घालू नका.

राहिली सोमवारची मीटिंग. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, का वाढलं, हे आधी तुम्हीच सांगा : लेबरचं लक्ष नाही. मग एकेकाला विचारा. व्हय साहेब, बरोबर साहेब. वाळूत पाणी जास्त पडतंय, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि मीटिंग सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर त्याचीच चर्चा होते. पण तुमचा चहा केबिनमध्ये येतो, त्यामुळे धोका नाही.

धोका एकाच माणसाचा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखायला लावून पाहिलं होतं. खोलीत खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे आधीच पढवलेले. ते सगळे मिळून धडधडीत चुकीचं बोलले, की अशा परीक्षार्थींपैकी चारातले तीन जण एकदा तरी त्यांच्या मागं गेले. पण शेजारी एक जण जरी खरं बोलला, तरी परीक्षार्थीची जीभ बरीच सैल व्हायची. तुमच्याकडंही असा एक असेलच, मालात पडणाऱ्या भोकांबद्दल "साहेब, ब्लो होल वाळूमुळं येतायत" म्हणणारा. त्याला लगेच डिस्पॅचला टाका. परत आलेलं कास्टिंग गाडीतून उतरवून घ्यायला तिथंही कुणीतरी लागतंच.