इमारतीचं वर्षाचं वीजबिल दारावर लावा

नाशिकच्या कॉलेज रोडवर एक नवं व्यापारी संकुल उभं राहतंय आणि त्यावरून आमच्या शाळेच्या ग्रुपवर वाद पेटलाय. जाहिरातीत 'ग्रीन बिल्डिंग' असं ठळक छापलंय. छतावर सोलर, पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर आणि पश्चिमेची दर्शनी बाजू वरपासून खालपर्यंत काचेची. निम्म्या मंडळींना नाशिक पुढे चालल्याचा आनंद आहे. उरलेल्यांच्या मते हे सगळं गाळ्याचा भाव चढवण्यासाठी चाललंय. मग तिसरा सूर लागला: ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळला त्यांनी कार्बनचं बघावं, आपण कशाला? आणि शेवटी, "तू तिकडे हेच काम करतेस ना, मग बोल की."

बोलते. मी मेलबर्नमध्ये जुन्या ऑफिस इमारतींचा वीजवापर कमी करण्याचं काम करते आणि माझं मन अजून गंगापूर रोडवरच असतं, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं भाग आहे.

आधी तो तिसरा सूर, कारण त्यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात माणशी वर्षाला सुमारे १५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात २ टनांच्या आसपास. इथे बसून नाशिककरांना काटकसरीचे धडे देणं मला शोभणार नाही. पण हा २ टनांचा आकडा सगळ्यांची सरासरी आहे. त्यात पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरचा माणूस आला आणि कॉलेज रोडवरची शोरूमही आली. दीड टनाचा एक एसी तासाला सरासरी एक युनिट खातो असं धरा. दिवसाला दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस म्हणजे ३,००० युनिट. आपल्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका गाळ्यातला एक एसी वर्षाला २ टनांच्या वर जातो. एका माणसाचा वर्षाचा वाटा तो एकटा संपवतो. आणि ज्यांच्या नावावर हा वाटा मांडला जातो, त्यातल्या कित्येकांनी एसीचा वारा अंगावर घेतलेलाही नसतो. न्यायाचा मुद्दा जगाच्या व्यासपीठावर जरूर मांडावा, पण तोच मुद्दा नाशिक जिल्ह्याच्या आतही लागू होतो.

शिवाय नाशिकला कोळसा दूर कुठे नाही. जवळच्याच एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. ग्रीडमधली कोणती वीज कुठून आली हे सांगता येत नाही हे खरं, पण त्या चिमण्यांची राख नाशिकरोड आणि आसपासच्या गावांच्याच वाट्याला येते.

आता इकडचं. ऑस्ट्रेलियात 'नेबर्स' नावाची मानांकन पद्धत आहे, १९९८ पासूनची. इमारतीला शून्य ते सहा तारे मिळतात, पण नकाशा बघून नाही. आधीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती वीज आणि गॅस लागला, त्याची बिलं तपासून, क्षेत्रफळ आणि वापराचे तास यांच्याशी ताडून. मानांकन वर्षभरच टिकतं, मग पुन्हा तपासणी. २०१० च्या कायद्याने मोठ्या ऑफिसांची विक्री करताना किंवा ती भाड्याने देताना हे तारे जाहिरातीत छापणं सक्तीचं झालं. सुरुवातीला २,००० चौरस मीटरच्या वरच्या जागांना, २०१७ पासून १,००० च्या वरच्या.

पण कायद्याच्याही आधी एक गोष्ट घडली होती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने धोरण ठरवलं की आपली मोठी कार्यालयं साडेचार तारे असलेल्या जागेतच भाड्याने घ्यायची. सरकारसारखा वेळेवर भाडं देणारा, वर्षानुवर्षं न हलणारा भाडेकरू कोणाला नको असतो? मालकांनी केंद्रीय एसीचे चिलर बदलले, पंखे-पंपांना वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह बसवले, रात्री रिकाम्या मजल्यांवर चालू राहणारी यंत्रणा बंद करायला माणसं नेमली. माझ्यासारखीला नोकरी मिळाली ती यातूनच. पर्यावरणाचं प्रेम एकाएकी कोणाला आलं नव्हतं. आकडा उघडा पडला आणि त्याला बाजारात किंमत आली.

नाशिकमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं. माझा मामेभाऊ शरणपूर रोडच्या बाजूला एका संकुलात क्लास चालवतो. मागे आले तेव्हा त्याच्याकडे दुपारी गेले होते. खोलीत पश्चिमेची काच, काचेला आतून चिकटवलेली काळी फिल्म, फिल्मवर पुन्हा पडदा, पडदा ओढल्यामुळे भर दुपारी सगळे दिवे चालू. एसी १८ वर आणि पुढच्या बाकावरच्या दोन मुली ओढणी लपेटून बसलेल्या. मागच्या डक्टमध्ये डोकावले तर चार मजल्यांचे आउटडोअर युनिट एकावर एक टांगलेले. खालच्याची गरम हवा वरचा ओढून घेतो, त्याची आणखी गरम झालेली त्याच्या वरचा. सर्वात वरचा बिचारा भट्टीतच उभा. डक्टला वर जाळी, जाळीवर पत्रा.

"ताई, बिल मी भरतो, पण ही काच मी लावली नाही अन् हा डक्टही मी बांधला नाही," तो म्हणाला. अगदी बरोबर. ज्याने बांधलं तो गाळे विकून मोकळा झाला. ज्याने गाळा विकत घेतला तो भाडं घेतो, बिल त्याच्याकडे जात नाही. बिल ज्याच्याकडे जातं त्याला भिंतीला हात लावायची परवानगी नाही. व्यापारी दराचं युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांच्या वर जातं, तरी ते वाचवण्यात ज्याचा फायदा आहे आणि ज्याच्या हातात ते आहे, ही दोन वेगळी माणसं आहेत. प्रत्येक गाळ्याचं मीटर वेगळं, लिफ्ट-जिन्याचं आणखी वेगळं. अख्ख्या इमारतीला वर्षाला किती वीज लागते हे त्या इमारतीतल्या एकाही माणसाला ठाऊक नसतं.

इकडे हीच गाठ सोडवायला नेबर्समध्ये दोन हिशेब वेगळे ठेवतात. लिफ्ट, लॉबी आणि केंद्रीय वातानुकूलन मालकाच्या खात्यात, आतले दिवे आणि संगणक भाडेकरूच्या. मग कोणाच्या अंगावर काय येतं ते स्पष्ट होतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ साली आली, २०१७ साली सुधारली आणि २०२४ साली तिची नवी आवृत्ती निघाली. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून वीजक्षमता) असलेल्या इमारतींसाठी भिंती, छत, काच, दिवे, वातानुकूलन कसं असावं हे त्यात नीट लिहिलंय. कागद म्हणून ती उत्तम आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकित हिरव्या इमारतीला जादा एफएसआयचं, म्हणजे तेवढ्याच भूखंडावर जास्त बांधकामाचं, आमिषही आहे. पण हे सगळं इमारत कशी बांधली याबद्दल झालं. भोगवटा दाखला हातात पडल्यावर ती कशी वापरली जाते, हे विचारायला सहसा कोणी येत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची, प्रत्यक्ष वापरावरून इमारतींना तारे देण्याची योजना २००९ पासून आहे, आणि ती ऐच्छिक आहे. फ्रिजवर तारे छापणं सक्तीचं करून आपण घराघरातल्या माणसाला तारे बघून खरेदी करायला शिकवलं. लाखो रुपयांचा गाळा घेताना मात्र तो एक आकडाही विचारत नाही. मला याची खरोखर चीड येते, कारण निम्मं काम आपल्या देशात झालेलं आहे.

तंत्राबद्दल बोलायचं तर नाशिकचं नशीब मेलबर्नपेक्षा चांगलं आहे. इथल्या इमारतींची अर्धी झुंज थंडीशी असते. गॅसवर चालणारे जुने बॉयलर, दुहेरी काचा, हीटिंगचे पाइप. आपल्याला यातलं काही नको. उगाच कोणी दुहेरी काच विकायला आलं तर आधी बाहेरून सावली करायला सांगा, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा लावून फारसा उपयोग नसतो.

पण इथली एक इमारत मला नाशिकसाठी फार जवळची वाटते. लिटल कॉलिन्स स्ट्रीटवरची 'काउन्सिल हाउस २', मेलबर्नच्या नगरपालिकेची स्वतःची, २००६ साली सुरू झालेली. तिच्या पश्चिमेच्या भिंतीवर जुन्या लाकडाच्या उभ्या झडपा आहेत, त्या सूर्याबरोबर फिरतात. दुपार कलली की मिटतात. आणि रात्री बाहेर गारवा आला की खिडक्या आपोआप उघडतात. आतलं छत उघड्या काँक्रीटचं, लाटेसारखं वळवलेलं. रात्रभर ते थंड होतं आणि दुसऱ्या दिवशी खोलीतली उष्णता शोषून घेतं. खाली फॉल्स सीलिंग लावून हे काँक्रीट झाकलेलं नाही, सगळी गंमत त्यातच आहे.

आता नाशिकचा मार्च-एप्रिल आठवा. दुपारी ३८, पहाटे २० च्या आसपास. असा गारवा असलेली रात्र मुंबईला मिळत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हेच काम करत होते. आज आपण काय करतो? रात्री साडेआठला शटर ओढतो, दिवसभराची उष्णता आत कोंडतो आणि सकाळी दहाला एसी लावून ती उपसायला लागतो. ऑफिसच्या मजल्यांवर वरच्या बाजूला जाळी आणि गज असलेले झरोके, सोबत टायमरवर चालणारा एक एक्झॉस्ट पंखा, एवढं असलं तरी सकाळची सुरुवात बदलेल. चोरी, डास, धूळ या अडचणी खऱ्या आहेत. पावसाळ्यात दमट हवेमुळे याचा उपयोगही कमी होईल. तरी वर्षातले निदान चार-पाच महिने ही थंडी फुकट मिळते. सिंहस्थाच्या तोंडावर जी हॉटेलं आणि संकुलं बांधली जाताहेत त्यांच्या आराखड्यात हे आत्ताच बसवता येईल. नंतर भिंती फोडाव्या लागतील.

आणि एसी २४ वर ठेवणं. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते. याला ना बिल्डर लागतो ना परवानगी. मामेभावाने ते केलं, वर पंखा लावला, त्या दोन मुलींच्या ओढण्या सुटल्या.

ग्रुपवर स्मार्ट मीटरचाही विषय निघाला. बिल फुगेल ही भीती, आणि कोणाच्या फायद्यासाठी हे चाललंय असा संशय. मला तो संशय अनाठायी वाटत नाही. व्हिक्टोरिया राज्यात २००९ पासून घरोघरी आणि छोट्या दुकानांत स्मार्ट मीटर सक्तीने बसवले, खर्च लोकांच्या बिलातून वसूल झाला. २०१५ साली राज्याच्या महालेखापरीक्षकांनीच सांगितलं की ग्राहकांना कबूल केलेला फायदा मिळालेला नाही. मीटर बसलं, पण त्यातून काय कळतं हे ग्राहकाच्या हातात वेळेवर आणि समजेल असं आलं नाही. म्हणून विरोध करायचाच असेल तर मीटरला नको. त्यातला अर्धा-अर्धा तासाचा वापर मला मोबाइलवर बघता आला पाहिजे, आणि सोसायटीला सगळ्या गाळ्यांची बेरीज नावाशिवाय मिळाली पाहिजे, अशी अट महावितरणपुढे ठेवा. रात्री दोन वाजता बंद संकुलात किती युनिट जळतात हे एकदा दिसलं की पुढचं काम निम्मं होतं. हे मी रोज बघते.

सुरुवात कोणी करायची? महापालिकेने. शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन घ्या. बारा महिन्यांची युनिटं, चौरस मीटरने भागून, प्रवेशद्वारापाशी एका पाटीवर. शेजारी मागच्या वर्षीचा आकडा. मग जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, कालिदास कलामंदिर. याला नवा कायदा लागत नाही, लेखा विभागातली बिलं लागतात. त्यानंतर बँका आणि विमा कंपन्या, कारण शहरातले तळमजले त्यांनीच भाड्याने घेतलेत आणि मालक त्यांचं ऐकतो. एका मोठ्या बँकेने भाडेकराराआधी संकुलाचा वार्षिक आकडा मागायला सुरुवात केली, तर एजंट लोक महिन्याभरात तो तोंडपाठ करतील.

आणि ग्रुपवरच्या त्या संकुलात गाळा बघायला जाणाऱ्या मित्रांसाठी: नमुना गाळा सकाळी अकराला बघू नका, दुपारी चारला बघा. पश्चिमेच्या काचेला हात लावा. आउटडोअर युनिट कुठे बसणार आणि त्याची गरम हवा कुठून बाहेर जाणार ते विचारा. छतावरच्या सोलरची वीज फक्त लिफ्ट-जिन्याच्या मीटरला जाणार की गाळ्यांनाही, हे लेखी घ्या. आणि त्याच बिल्डरच्या जुन्या संकुलात जाऊन तिथल्या एखाद्या दुकानदाराकडून एप्रिल-मेची बिलं मागा. बहुतेक जण दाखवतात, आणि वर दोन गोष्टी जास्तीच्याही सांगतात.