गाडीच्या एसीतला गॅस जातो कुठे?

उन्हाळा तोंडावर आला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप हटकून फिरू लागतो. त्याचा सारांश असा: गाडी जुनी झाली की एसीचा गॅस दरवर्षी संपतो, तेव्हा मार्चमध्ये भरून घ्या. दाब मोजणाऱ्या गेजवर ९०-१०० पीएसआय (दाबाचं एकक) दिसले की गॅस पुरेसा. लीक असेल तर सीलंट (भोक बुजवणारं रसायन) घाला. गाडी फारच जुनी असेल तर नवा गॅस सरळ मारा, नाहीतर स्वयंपाकाचा गॅसही चालतो. आणि पावसाळ्यात एसी बंद ठेवून कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, वाचवा.

एकेक मुद्दा घेऊ.

‘गॅस दरवर्षी संपतो.’ गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, झिजत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) वर्षाकाठी काही ग्रॅम पाझरतो, हे खरं. पण मार्चमध्ये भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत टिकत नसेल तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जातो आणि जाताना थोडं तेलही घेऊन जातो. त्यामुळे तीन-चार ‘टॉप-अप’नंतर कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होऊ शकतो. तेल किती गेलं हे कोणी मोजलेलं नसतं.

गोव्यात पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, घ्यावा. तो रेडिएटरच्याही पुढे, थेट वाऱ्याच्या तोंडी असतो. कळंगुट, कांदोळी, कोलवा भागात रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर खारा वारा बसतो. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, पत्र्या हाताने चुरतात आणि बहुधा खालच्या कडेला, जिथे चिखल साचून ओल राहते, तिथे नळी सुईच्या टोकाएवढी फुटते. डिचोली, सांगे भागात मिठाऐवजी लाल धूळ असते. या धुळीचा एक उपयोगही आहे: गॅसबरोबर बाहेर आलेल्या तेलाला ती चिकटते. कंडेन्सरवर किंवा पाईपच्या जोडावर काळपट-लाल, ओलसर डाग दिसला तर साबणाचं पाणी आधी तिथे लावावं.

डाग नाही आणि गॅस तर जातोच, तर डॅशबोर्डमागची कूलिंग कॉईल तपासायची. जुन्या गाड्यांना केबिन फिल्टर नसतो. काचेखालच्या जाळीतून आलेला पालापाचोळा कॉईलवर कुजतो आणि तिला खातो. डॅशबोर्ड खोलण्याआधी इंजिन आणि ब्लोअर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, मग पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी लीक डिटेक्टर धरा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तिथेच उतरतो.

बऱ्याच ठिकाणी पंपाने आतली हवा ओढून ‘व्हॅक्यूम धरतो, म्हणजे लीक नाही’ असं सांगून मोकळे होतात. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेरचा फरक जेमतेम १४-१५ पीएसआय असतो आणि तोही उलट्या दिशेने. एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला, २०० च्या वर दाब असतो. खरी परीक्षा नायट्रोजनची: १५० पीएसआयच्या आसपास भरून, व्हॉल्व बंद करून अर्धा तास काटा पाहायचा. साध्या हवेच्या कॉम्प्रेसरने हे करू नये, आपल्या हवेत पाणीच फार. ऑक्सिजन तर चुकूनही नको. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

‘गेजवर ९०-१०० म्हणजे गॅस पुरेसा.’ हा गैरसमज गॅरेजांतही आहे. इंजिन बंद असताना गेज गॅसचं वजन दाखवत नाही, तापमान दाखवतो. आर-१३४ए, म्हणजे गाड्यांच्या एसीत सर्रास भरला जाणारा गॅस, ३० अंशाला सुमारे ९७ पीएसआय दाखवतो. आत थोडासा द्रव शिल्लक असेल तोवर गॅस २०० ग्रॅम असो की ४५०, आकडा तोच. एसी चालू असताना लो साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या कमी दाबाच्या बाजूला, ३० ते ४५ आणि हाय साइडला २०० ते २५० हा ढोबळ अंदाज झाला. पण त्यावरूनही ग्रॅम काढता येत नाहीत.

पद्धत एकच. उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, लीक दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरायचं. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ३५० ते ५५० ग्रॅमच्या दरम्यान असतो, म्हणजे ५० ग्रॅमची चूक दहा टक्क्यांच्या घरात जाते. जास्त भरला तर थंडावा वाढत नाही, उलट हाय साइड चढते आणि इंजिन ओढायला लागतं. इंजिन चालू ठेवून लो साइडने भरताना सिलिंडर उभाच ठेवावा; उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन त्याच्या व्हॉल्वच्या पात्या मोडू शकतो.

व्हॅक्यूमबद्दल आपल्याकडे जरा जास्त काटेकोर राहावं लागतं. सिस्टीम उघडली की दमट हवा आत जाते. ३० अंशाला ते पाणी उकळून निघायचं तर व्हॅक्यूमचा गेज (पाऱ्याच्या) २८.७ इंचांच्या पुढे गेला पाहिजे. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरचा जुगाड पंप २७ वर अडला तर पाण्याला उकळायला ४५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे पाणी आतच राहतं. मग ते एक्स्पान्शन व्हॉल्वमध्ये, म्हणजे गॅस कॉईलमध्ये सोडणाऱ्या बारीक छिद्रात, गोठतं. एसी वीस मिनिटं छान चालतो, बंद पडतो, गाडी थांबवली की पुन्हा चालतो, आणि दोष मात्र ‘गॅस खराब’ला जातो. चांगल्या पंपाने निदान अर्धा-पाऊण तास द्या. ओलावा शोषणारा ड्रायर आणि उघडलेल्या जोडांच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) नव्याच घाला. कंडेन्सर बदलला तर कॉम्प्रेसरला चालतं तेच पॅग तेल (एसीचं कृत्रिम तेल) साधारण ३० मिली वाढवा.

मुळात गॅसच कमी आहे का, हे तरी कोणी पाहतं का? पर्वरीच्या गर्दीत गरम आणि हायवेवर थंड, तर कंडेन्सरचा पंखा, त्याचा रिले किंवा मातीने भरलेला कंडेन्सर पाहा. तो गार असताना इंजिनकडच्या बाजूने साध्या पाइपने धुवा. प्रेशरच्या फवाऱ्याने पत्र्या मिटतात. अर्ध्या तासाने वाराच कमी येत असेल तर कॉईलवर बर्फ धरतोय, तिचं तापमान मोजणारा थर्मिस्टर तपासा. इंजिन तापल्यावरच कॉम्प्रेसरचा क्लच सुटत असेल तर झिजून त्याची फट वाढलेली असते. ती फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून शिम (पातळ चकती) काढायची, बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिमी ठेवतात.

‘लीकला सीलंट घाला.’ बरीच सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतात. आत ओलावा राहिला असेल तर ती एक्स्पान्शन व्हॉल्वमध्येच बसतात, आणि गॅस काढणारं मशीनही चोंदतं. कुजलेला कंडेन्सर त्याने बरा होत नाही.

‘नवा गॅस सरळ मारा.’ नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांत आर-१२ हा जुना गॅस होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉलनुसार विकसनशील देशांनी असे ओझोनच्या थराला घातक सीएफसी वायू १ जानेवारी २०१० पासून बंद केले, म्हणून प्रश्न खरा आहे, उत्तर चुकीचं. आर-१२ बरोबरचं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कॉईलमध्ये पडून राहतं आणि कॉम्प्रेसर उपाशी. जुनं तेल काढून एस्टर तेल, एक्सएच-७ दाण्यांचा ड्रायर, एचएनबीआर रबराच्या ओ-रिंगा आणि सर्व्हिस पोर्टला (गॅस भरायच्या तोंडाला) ॲडॉप्टर, एवढं करावंच लागतं. गॅस मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्केच भरावा. ओळख सोपी: आर-१२ च्या पोर्टला आटे असतात, आर-१३४ए चा कपलर चटकन बसतो.

‘स्वयंपाकाचा गॅसही चालतो.’ थंड करतो, यात खोटं काही नाही. पण कूलिंग कॉईल आपल्या पायांसमोर, बंद केबिनच्या हवेत बसलेली असते. तिला लीक झाला तर हवेत सुमारे दोन टक्के एलपीजी मिसळताच ती पेट घेऊ शकते, आणि ठिणगी द्यायला ब्लोअरची मोटर तिथेच आहे. या मुद्द्यावर तडजोड नाही.

‘पावसाळ्यात एसी बंद ठेवा.’ तेल गॅसबरोबरच फिरतं. जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसर थांबला तर शाफ्ट सील कोरडं पडतं आणि चतुर्थीला गावी निघताना एसी लावावा तर गॅस गायब. आठवड्यातून दहा मिनिटं तरी तो चालवावा. पावसात काचेवरची वाफ उतरवायलाही त्याच्याइतकं काही चालत नाही. मुक्कामाला पोहोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवला की कॉईल सुकते, कुबट वास येत नाही. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल आणि डावीकडचं कार्पेट भिजत असेल, तर पाणी बाहेर टाकणारी नळी चिखलाने बुजली आहे. ती खालून मऊ प्लास्टिकच्या वायरने हलक्या हाताने मोकळी करा. लोखंडी तार घातली तर कॉईलला भोक पडेल.