हायकू म्हणजे लिनक्स नव्हे

हायकू ही संगणक चालवणारी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. लिनक्स आणि जुनी बीओएस याही कार्यप्रणालीच. 'हायकू ही लिनक्सच आहे, वर फक्त बीओएसचा मुलामा' असा संदेश फिरतोय. हे साफ चूक आहे. हायकूत लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नाहीच. तिचा कर्नल न्यूओएस या वेगळ्या प्रणालीच्या कर्नलमधून घडलाय. स्वयंसेवकांनी २००१ मध्ये ओपनबीओएस या नावाने हे काम हाती घेतलं. गैरसमज का होतो, तेही कळतं: टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं की बॅश हा लिनक्सवर नेहमी दिसणारा आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम समोर येतो. पण आतली घडण निराळी आहे. इथे प्रत्येक ईमेल ही स्वतंत्र फाइल असते. पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख त्या फाइललाच जोडलेली, त्यामुळे साध्या फोल्डरच्या खिडकीतच सगळं टपाल क्रमाने लावता येतं, शोधता येतं. एवढ्या वर्षांच्या मेहनतीला मुलामा म्हणणं अन्यायाचं आहे. हायकूची पाचवी बीटा (चाचणीची) आवृत्ती २०२४ मध्ये आली.