आयत्या बिळावरचा नागोबा

आज सकाळी कोल्हापुरात उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर एकानं मला चारचौघांत आयत्या बिळावरचा नागोबा म्हटलं. नाव टाकत नाही, त्याची बायको आमच्या हिच्या भिशीत आहे. म्हणाला हसत हसतच, "तुझं काय मर्दा, म्हाताऱ्यानं चालता धंदा हातात दिला, आयत्या बिळावर नागोबा झालास." बाकीचे हसले, मीपण हसलो आणि वर चहाचे पैसेपण मीच दिले. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरातले सगळे झोपलेत आणि तो नागोबा काय डोक्यातनं हलंना, म्हणून लिहितोय. लांबड लागणार आहे, ज्याला वेळ नाही त्यानं लाईक ठोकावं आणि झोपावं.

तर पहिलं म्हणजे बीळ आयतं नव्हतं भावांनो. खणणाऱ्यातला एक मी होतो. २००४ ला आयटीआय फिटर करून आप्पांच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या दुकानात नोकरीला लागलो, शाहूपुरीत, महिना अठराशे रुपये. धंदा त्यांच्या घरचाच, आप्पा बाहेरचं बघायचे, काकू बिलं फाडायच्या, आप्पांचा भाऊ लेथवर आणि उरलेलं सगळं मी. उरलेलं म्हणजे मिठाची पोती तिसऱ्या मजल्यावर चढवायची, वाळूचे फिल्टर उपसायचे, सॉफ्टनरचं रेझिन बदलायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रेझिन म्हणजे राजगिऱ्याएवढे बारीक मणी, डिंकाच्या रंगाचे. आपल्याकडं खाली काळा कातळ, बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, त्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम हे मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, परत कामाला तयार. सांगायला दोन ओळी लागतात. ओलं रेझिन एकदा टाईल्सवर सांडून त्यावर उभं राहून दाखवा मग बोलू. अठरा वर्षं घसरलोय त्याच्यावर, आणि आयतं म्हणे.

आप्पा काय संत होते असं नाही हां. बोनस दिवाळीच्या आदल्या रात्री, तोपण थुंकी लावून मोजून मोजून. फंडबिंड काही नाही. शिव्या अशा द्यायचे की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा. पण पाण्यात त्यांचा हात धरणारा मी अजून बघितला नाही. हार्डनेस टेस्ट, म्हणजे पाणी किती जड ते बघताना बाटलीत पाणी घ्यायचे, चिमूटभर रंग टाकला की पाणी डाळिंबासारखं लाल व्हायचं, मग औषधाचे थेंब सोडायचे, एक दोन तीन, आणि कुठल्या थेंबाला ते निळं होणार हे आप्पा आधी बोलून दाखवायचे. किती वेळा पैज हरलोय मी, वडापावची.

आता ती गोष्ट सांगतो, जी ह्या पोस्टमध्ये परत परत येणार आहे कारण आज दिवसभर तीच डोक्यात फिरतीय.

२००९ साल, गणपतीला आठ दिवस. राजारामपुरीत एक काका, नातू झाला होता म्हणून घरी आरओ बसवायचा होता त्यांना. पाच हजार बयाणा दिलेला, मशीन मी खांद्यावर घेऊन गेलेलो, भिंतीला भोकं पाडायला ड्रिलची वायर लावली आणि आप्पा मागनं आले. आले ते सरळ स्वयंपाकघरात. नळाखाली स्टीलचा पेला धरला, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा, बुडवला, आकडा आला अठ्ठ्याण्णव. आप्पा म्हणाले, "काका, तुमचं पानी नदीचं हाय, चांगलं हाय. ह्याला आरओ लावायचा म्हंजी तीन लिटर घ्यायचं, दोन लिटर मोरीत सोडायचं आन् राहिलेलं एक लिटर सपक करून प्यायचं. साधा यूव्ही लावा, उजेडानं जंतू मारनारा, नायतर उकळून प्या." आणि खिशातनं पाच हजार काढून ओट्यावर ठेवले. मला एका मशीनमागं पाचशे मिळायचे. त्या पाचशेत पोरीला गणपतीचा फ्रॉक घ्यायचा होता. मशीन परत खांद्यावर घेऊन खाली उतरताना आप्पांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.

आणि मजा ऐका. पुढच्याच आठवड्यात काकांनी दुसरीकडनं आरओ घेतला. आमच्यापेक्षा तीन हजारांनी महाग. नंतर आयुष्यात त्यांनी आम्हाला एक रुपयाचं काम दिलं नाही, रस्त्यात दिसले तर ओळखसुद्धा नाही. मी मुद्दाम आप्पांना येऊन सांगितलं, टोचायलाच सांगितलं. आप्पा पाना घेऊन पंपाचं नट आवळत होते, मान वर न करता म्हणाले, "त्येनं घेटला. मी इकला न्हाई."

बास. एवढंच. मला तेव्हा वाटलं ह्या माणसाला धंदा कळत नाही.

आता धंदा माझ्याकडं कसा आला ते, कारण आयतं म्हणणाऱ्यानं हे वाचावं अशी इच्छा आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांवर गेली, धोका पातळी ४३ ची. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, नवीन काय सांगू. उपसा पंप पाण्यात गेले आणि चहूकडं पाणी असताना प्यायच्या पाण्यासाठी टँकरपुढं रांगा. आमच्या दुकानात शटरच्या वर पाणी, आठ दिवसांनी उघडलं तर रेझिनची पोती फुगून फाटलेली आणि सगळ्या चिखलात ते मणी, जिलेबीवर खसखस सांडावी तसे. आप्पांचा पोरगा पुण्याहनं आला, आयटीत आहे, चांगला पोरगा आहे, तो म्हणाला पप्पा बंद करा आता. आप्पा काही बोलले नाहीत. २०२१ च्या जुलैत परत तेच झालं तेव्हा मात्र त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू घेतोस का?" मला वाटलं फावडं.

२०२२ च्या एप्रिलपासनं मी मालक. किंमत साडेअठरा लाख ठरली, माल, गाडी, लेथ आणि नाव धरून. दहा लाख मुद्रा कर्ज, तेव्हा तेवढीच मर्यादा होती. बायकोच्या पाटल्या आणि आईच्या नावचे गावाकडचे दोन गुंठे मिळून साडेतीन. राहिलेले पाच आप्पांनी हप्त्यानं घ्यायचं कबूल केलं, बिनव्याजी. हां, हे मान्य करतो, बिनव्याजी हप्ता मला बाजारात कुणी दिला नसता, तेवढं बीळ आयतं म्हणा पाहिजे तर.

आणि लोकांना वाटतं धंदा घेतला म्हणजे किल्ली घेतली. अरे, आप्पांची प्रोप्रायटरशिप होती, म्हणजे कायद्यानं धंदा आणि माणूस एकच. जीएसटी नंबर त्यांच्या पॅनवर, तो मला मिळत नाही. नवा नंबर, नवं करंट खातं, दुकानाचा नवा गुमास्ता परवाना. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ज्या कंपन्यांत मी अठरा वर्षं बॉयलरच्या पाण्याचे सॉफ्टनर सांभाळले तिथं परत नवीन व्हेंडर म्हणून फॉर्म भरले, पहिले दोन महिने एक पेमेंट सुटलं नाही. बँकेत साहेब विचारतो गुडविल म्हणजे काय दाखवणार. काय दाखवू? वही दाखवली.

वहीचं सांगायचं राहिलं. आप्पांची लाल कापडी बांधणीची वही, साडेसातशेच्या वर गिऱ्हाईकं, प्रत्येकाचा पत्ता, टीडीएस, हार्डनेस, मशीन कधी बसवलं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात आप्पांच्या अक्षरात एकेक रत्न आहे. "कुत्रं चावतं, आधी फोन." "मीठ टाकलं म्हणतो, टाकत नाही." एका मोठ्या हॉटेलवाल्यापुढं लिहिलंय "पाणी जड, माणूस हलका." आणि राजारामपुरीच्या त्या काकांचं नाव, ज्यांनी कधी काही घेतलंच नाही त्यांचं नावसुद्धा आहे, पुढं शेरा, "पाणी चांगलं. काही लागत नाही." खोडलेलं नाही. दुसरीकडनं मशीन घेतल्यावरपण खोडलेलं नाही.

मला ज्या लोकांचा खरा राग येतो ते वेगळेच. दारात येऊन डेमो देणारे. ग्लासात दोन सळ्या बुडवतात, करंट सोडतात, तुमच्या नळाचं पाणी मिनिटात विटकरी होतं, आरओचं तसंच राहतं, आणि आज्जी घाबरतात की आपण आयुष्यभर हे प्यायलो. अहो तो गंज सळीचा आहे! सळी लोखंडाची, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि लोखंड सुटतं. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच म्हणून तिथं फारसं काही होत नाही. त्यात रोग नाही, घाण नाही, निव्वळ जादूचे प्रयोग. आपल्या सरकारी मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, २०१९ ला हरित लवादानं तर ५०० च्या आत असेल तिथं आरओवर बंदी आणा म्हणून सांगितलं, आणि आपल्याकडं शंभरच्या पाण्याला आरओ. २०२३ च्या दिवाळीत थेट पाईपलाईननं काळम्मावाडीचं पाणी आलं, धरणाचं पाणी, त्यालापण आरओ! बरं, बोअर असेल, आकडा हजाराच्या वर असेल तर आरओ पाहिजेच, मी स्वतः बसवतो. आणि मीटरला जंतू दिसत नाहीत हेपण खरं, २०१२ ला इचलकरंजीत कावीळ आली तेव्हा मीटर बुडवून काही कळलं नसतं. त्याला यूव्ही आहे, क्लोरीन आहे, उकळणं आहे. पण भीती विकायची आणि वर ईएमआय करून द्यायचा, ह्या लोकांना तर

जाऊ दे. पाणी पिऊन आलो.

इतकं तावातावानं लिहिलं आणि आता वाचून बघितलं तर लाज वाटतीय, कारण एक गोष्ट लिहायची टाळत होतो. चहाच्या गाड्यावरचं तर सकाळीच संपलं होतं. दुपारी दुसरं झालं.

दुपारी फुलेवाडीला एका बाईंच्याकडं सर्व्हिसला गेलो होतो. प्राथमिक शाळेत शिकवतात, एकट्या राहतात. त्यांचा आरओ मी बसवलाय, २०२२ च्या ऑक्टोबरात. पहिली दिवाळी मालक म्हणून, दोन पोरांचा बोनस द्यायचा होता, मुद्राचा हप्ता पाच तारखेला, आप्पांचा दहाला. एमआयडीसीचे पैसे अडकलेले. बाईंनी फोन केला, मी गेलो, नळाखाली पेला धरला, मीटर बुडवला. एकशे दहा. बाई म्हणाल्या काय करू सांगा, तुम्ही म्हणाल ते. मी त्या आकड्याकडं बघितलं आणि म्हटलं, आरओच घ्या मॅडम, काळजीच नको. साडेतेरा हजार. ड्रिल मारताना मागनं कुणी आलं नाही.

आज कॅबिनेट उघडून फिल्टर बदलत होतो तर बघतो, आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी त्यांनी लांब करून बादलीत सोडलीय. दोन बादल्या आणि एक घमेलं, ओळीनं. त्या पाण्यानं भांडी घासतात, फरशी पुसतात, उरलं तर जास्वंदाला घालतात. अगदी उत्साहानं दाखवत होत्या, "तीन वर्षांत थेंब वाया घालवला नाही बघा. मुलांना शाळेत पण सांगते." मी हं हं करत होतो. मग चहा दिला, आणि म्हणाल्या, "आमचे वडील म्हणायचे ते दुकानवाले आप्पा खोटं बोलत नाहीत. त्यांचंच दुकान म्हटल्यावर मी दुसरीकडं विचारलंच नाही."

चहा घशाखाली उतरेना. रोज दोन बादल्या पाणी ती बाई तीन वर्षं उचलतीय माझ्या दिवाळीच्या बोनसपायी.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय, एक मशीन विकलं, धंद्यात चालतं, घेणाऱ्यानं घेतलं. मीपण तीन वर्षं हेच म्हणत होतो, आप्पांचंच वाक्य, अर्धंच वापरत होतो, "त्येनं घेटला" एवढंच. पुढचा अर्धा भाग काय बोलायला जमत नव्हता.

संध्याकाळी दुकानात येऊन वही काढली. बाईंच्या नावापुढं माझ्या अक्षरात सगळं लिहिलंय, तारीख, मॉडेल, टीडीएस ११०. शेऱ्याचा रकाना मोकळा. चाळून बघितलं तर साडेसातशे नावांत मोकळा रकाना तेवढा एकच आहे. म्हणजे त्या दिवशीच मला कळलेलं होतं.

आप्पा दर रविवारी फोन करतात पुण्याहनं. हप्त्याचं कधी विचारत नाहीत. "नदीचं पानी कसं हाय, बोअर आटलं का, लेथचा बेल्ट बदलला का." मी कधी हे सांगितलं नाही त्यांना. शिव्या देतील म्हणून नव्हे, न देतील याची भीती वाटते.

आणि त्या नागोबावाल्या मित्रा, तू वाचत असशील तर, फोन करू नको सकाळी. तू बरोबर बोललास असं म्हणणार नाही मी, पाटल्या माझ्या बायकोच्या गेल्यात. फक्त तू ज्याच्यासाठी म्हटलास ते चुकीचं होतं, दुसऱ्या एका गोष्टीला ते लागू पडतंय, ती तुला माहीत नाही. भिशीत हा विषय नको.

डिकीत यूव्हीचं मशीन टाकून ठेवलंय. बाई साडेनऊला शाळेला बाहेर पडतात, त्याच्या आधी पोचायला पाहिजे. आरओ काढून आणायचा आणि पैसे परत द्यायचे एवढं ठरलंय, बायकोला अजून सांगितलं नाही. बाईंना काय सांगायचं ते फुलेवाडी येईपर्यंत गाडीवर सुचेल.