होल्मेनकोलेनच्या पोटातली लाकडे

गेल्या ऑगस्टमध्ये ऑस्लोला जाणे झाले, तेव्हा होल्मेनकोलेनचे स्की संग्रहालय पाहायचेच असे ठरवून ठेवले होते. मेट्रोच्या एक नंबरच्या गाडीने टेकडी चढून गेले आणि थोडे चालले की स्की-उडीचा प्रचंड मनोरा समोर उभा राहतो, आणि त्याच्याच खाली, खडकाच्या पोटात, 1923 साली सुरू झालेले हे संग्रहालय आहे. स्कीला वाहिलेले जगातले सर्वांत जुने संग्रहालय म्हणून ते ओळखले जाते. माझ्यासोबत आत शिरलेली बहुतेक मंडळी थेट लिफ्टकडे वळली, कारण वरून शहर आणि फ्योर्ड, म्हणजे जमिनीत शिरलेली समुद्राची खाडी, दिसते. माझा पाय मात्र खालच्या जुन्या लाकडांपाशी अडकला तो अडकलाच.

आपल्याकडे स्की म्हटले की गुलमर्ग, रंगीत जाकिटे आणि खर्चिक हौस आठवते. नॉर्वेतल्या माणसाला मात्र हजारो वर्षे ही वस्तू कुऱ्हाडीइतकीच घरातली होती, कारण बर्फ पडल्यावर शिकारीला, सरपणाला किंवा शेजारच्या वाडीवर जायचे तर पायाखाली फळी हवीच. ‘स्की’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी चिरलेले लाकूड असा आहे. जुन्या जोड्यांत एक स्की लांब आणि दुसरी आखूड असे. लांब स्कीवरून घसरायचे आणि आखूड स्कीने मागे रेटा द्यायचा. त्या आखूड स्कीच्या तळाला केसाळ कातडे लावत, केस मागच्या दिशेला वळलेले. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो अलगद सरकतो आणि उलटा फिरवला तर केस अडतात. नेमके तेच तत्त्व. ज्या कोणाला हे प्रथम सुचले, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, आणि माझ्या मते त्या शोधापुढे मनोऱ्यावरची सगळी पदके फिकी आहेत.

नाव ठाऊक असलेल्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो नॉर्वेच्या तेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेदाल गावचा सोंद्रे नुरहाइम. पूर्वी फक्त बोटांपाशी वादी असे, त्यामुळे उडी मारली की स्की पायातून निसटण्याची भीती. नुरहाइमने लवचीक फांद्या पिळून टाचेमागून पक्के बंधन घेतले आणि स्की पायाचाच भाग झाली. 1868 साली, चाळिशी उलटलेली असताना, तो सुमारे 200 किलोमीटर स्कीवरून राजधानीत आला आणि तिथली स्पर्धा जिंकून गेला. पण गरिबी काही सुटली नाही. 1884 साली तो कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि 1897 मध्ये नॉर्थ डकोटात वारला. 1952 च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत त्याच्या मोर्गेदालच्या घरातल्या चुलीवर पेटवली गेली, हे वाचताना माझे डोळे भरून आले. दक्षिण ध्रुवावर 14 डिसेंबर 1911 रोजी नॉर्वेचा शोधप्रवासी आमुंडसेन याच्यासह पोहोचलेल्या पाच जणांतला उलाव्ह ब्योलान हाही मोर्गेदालचाच. त्या मोहिमेच्या स्लेज, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या, रंध्याने तासून हलक्या करणारा सुतार तोच.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. 1888 साली नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याने स्कीवरून ग्रीनलंड पार केले, असे आपण सहज म्हणतो. परतीचा विचारच उरू नये म्हणून ही तुकडी निर्मनुष्य पूर्व किनाऱ्याकडून वस्तीच्या पश्चिमेकडे निघाली होती. ती सहा जणांची होती आणि त्यांतले सामुएल बाल्टो आणि ओले निल्सन राव्ना हे दोघे उत्तर नॉर्वेतल्या करास्योकचे सामी, म्हणजे तिथले मूलनिवासी, होते; ज्यांच्या पूर्वजांनी बर्फावर जगण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली त्या समाजाचे. ही कथा सांगताना त्यांची नावे गळतात, आणि हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहताना जशी ती घडवणाऱ्या हातांची आठवण होते, तशीच ती होल्मेनकोलेनलाही झाली. कोणी ऑस्लोला जाणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे की लिफ्ट शेवटी ठेवा. आधी त्या आखूड स्कीसमोर उभे राहा, वाकून तिचा तळ पाहा आणि केस कोणत्या दिशेला वळले आहेत ते नीट न्याहाळा.